औताची परीक्षा आणि अधिकाराची परीक्षा : राहुरीच्या कृषी विद्यापीठाची गोष्ट

आजचा विषय शेतीच्या शिक्षणाचा आहे आणि गाव आहे राहुरी.

नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, एखाद्या मुलानं "मी राहुरीला शिकतो" असं सांगितलं की समोरच्याचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो : "मग एमपीएससी कधी देणार?" शेतीच्या विद्यापीठातल्या मुलाला कुणी "यंदा कांदा कसा राहील" असं विचारत नाही. तहसीलदार, फौजदार, बँकेतले कृषी अधिकारी, तालुका कृषी अधिकारी असे कितीतरी लोक या एका आवारातून घडले. त्यामुळे राहुरीचं नाव स्पर्धा परीक्षेशी घट्ट जोडलं गेलं आहे.

यावर दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. एक कौतुकाचं, की शेतकऱ्याची पोरं साहेब झाली. दुसरं नाराजीचं, की सरकार पैसा खर्च करतं शेतीसाठी आणि पोरं पळतात खुर्चीकडे. मग या शिक्षणाचा शेतीला उपयोग काय? हा प्रश्न आजच्या पिढीला नवा वाटतो, पण तो जवळजवळ १४० वर्षांचा आहे. आणि ज्यांचं नाव या विद्यापीठाला दिलेलं आहे, त्या महात्मा फुल्यांनीच तो पहिल्यांदा नीट मांडला. म्हणून आज आपण आधी जोतीरावांकडे जाऊ, मग पुण्याला, आणि तिथून राहुरीला येऊ.

१८८२ साली हंटर आयोग भारतातल्या शिक्षणाची चौकशी करत होता. जोतीरावांनी या आयोगापुढे निवेदन दिलं. त्यातला मुख्य मुद्दा साधा होता. सरकारची तिजोरी भरते रयतेच्या घामानं, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे जातो. म्हणून आधी प्राथमिक शिक्षण सगळ्यांपर्यंत न्या, असं त्यांचं म्हणणं. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. खेड्यातल्या शाळेत काय शिकवावं याची यादीच त्यांनी दिली. मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, आरोग्याचे धडे आणि शेतीचं प्राथमिक ज्ञान. जिथे जमेल तिथे शाळेला जोडून छोटं नमुन्याचं शेत असावं आणि मुलांना प्रत्यक्ष काम शिकवावं, हेही त्यांनी सुचवलं. १८८२ सालच्या कागदात हे आहे, हे लक्षात घ्या.

पुढच्याच वर्षी, १८८३ मध्ये, 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण झाला. या पुस्तकाबद्दल आपण सहसा शेतकऱ्याच्या दैन्याचं वर्णन म्हणून बोलतो. पण त्याच्या शेवटी उपाय सांगितले आहेत आणि ते फार बारकाईनं सांगितले आहेत. ताली-बंधारे घालून पाणी शेतात मुरवावं, जनावरांची पैदास सुधारावी, शेतकऱ्यांच्या मुलांना परदेशातल्या शेतकीच्या शाळा बघायला पाठवावं. आणि या उपायांत दोन परीक्षा आहेत. आमच्या आजच्या व्याख्यानाचं सगळं सार या दोन परीक्षांत आहे.

पहिली परीक्षा औताची. सरकारनं दरवर्षी प्रदर्शनं भरवावीत, पिकांच्या आणि औत हाकण्याच्या परीक्षा घ्याव्यात आणि उत्तम शेतकऱ्याला बक्षिसं द्यावीत. म्हणजे शेतातल्या कसबाला विद्येचा मान द्यायचा.

दुसरी परीक्षा अधिकाराची. गावच्या पाटलाचं काम केवळ वारशानं देऊ नये. शेतकऱ्यांच्या मुलांपैकी जो मराठी सहावीची परीक्षा उतरेल आणि ज्याचं आचरण चांगलं असेल, त्याला ते द्यावं. तसा कायदा झाला तर शेतकरी आपण होऊन मुलांना शाळेत घालतील, हा त्यामागचा हिशोब. आणि आणखी एक हिशोब होता. शेतसारा ठरवणारा, कागद लिहिणारा, दाद घेणारा माणूस शेतकऱ्याच्या घरातला नसेल, तर शेतकरी नाडला जाणारच. हा धागा 'असूड'मध्ये पानोपानी आहे.

म्हणजे बघा, शेतीचं ज्ञान शेतापर्यंत जावं आणि शेतकऱ्याचं पोर कचेरीपर्यंत जावं, या दोन्ही मागण्या एकाच माणसाच्या, एकाच पुस्तकातल्या आहेत. जोतीरावांना त्यात विसंगती दिसली नव्हती. मग आपल्याला ती का दिसते?

याचं उत्तर शोधायला पुण्याला जावं लागतं. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८७९ साली शेतीचा वर्ग सुरू झाला होता. पुढे १९०७ मध्ये शेतकी महाविद्यालय स्वतंत्रपणे उभं राहिलं. महाराष्ट्रातल्या शेतीच्या पदवीशिक्षणाचं हे मूळ घर. इथून बाहेर पडणारा पदवीधर बहुतेक वेळा सरकारी शेतकी खात्यात जायचा. म्हणजे "शेतीचं शिकला आणि नोकरीला लागला" ही गोष्ट राहुरीनं सुरू केलेली नाही. ती या शिक्षणाच्या जन्मापासूनची आहे.

या महाविद्यालयाचे प्राचार्य होते डॉ. हॅरॉल्ड मान. इंग्रज रसायनशास्त्रज्ञ, पण त्यांनी काम केलं ते आपल्या खेड्यांवर. पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर या गावाची त्यांनी घर न् घर पाहणी केली आणि १९१७ साली ती पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाली. आज तिथे उंच इमारती आहेत, पण तेव्हाचं ते कोरडवाहू खेडं. मान यांनी जुने दप्तर काढून जमिनीच्या वाटण्या कशा होत गेल्या ते मांडलं. १७७१ च्या सुमाराला त्या गावात सरासरी धारणा ४० एकरांची होती. १९१४-१५ पर्यंत ती ७ एकरांवर आली होती. सुमारे दीडशे वर्षांत चाळिसाचे सात झाले. वर कर्ज. मान यांचा निष्कर्ष असा की गावातल्या बहुसंख्य घरांना केवळ आपल्या जमिनीवर जगणं शक्य राहिलेलं नाही.

हा आकडा आम्ही मुद्दाम सांगतोय. शेतीशिक्षणाची चर्चा करताना आपण बियाणं, खत, पाणी याबद्दल बोलतो, पण बांधाबद्दल बोलत नाही. बांध दर पिढीला आत सरकतो. तीन भावांत एकाला शेती, एकाला नोकरी आणि एकाला काहीतरी धंदा, हे मराठी शेतकऱ्याच्या घरातलं जुनं गणित आहे. त्या घरातून जो मुलगा शेतीच्या कॉलेजात येतो, त्याच्या डोक्यात ते गणित आधीच मांडलेलं असतं.

आता स्वातंत्र्यानंतरच्या काळात येऊ. १९४८-४९ च्या राधाकृष्णन आयोगानं ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. समोर नमुना होता अमेरिकेचा. तिथे १८६२ साली, लिंकनच्या कारकिर्दीत, एक कायदा झाला होता. केंद्र सरकारनं राज्यांना जमीन द्यायची, राज्यांनी ती विकून किंवा वापरून शेती आणि यंत्रविद्येची महाविद्यालयं उभारायची. त्यांना जमीन-अनुदानित विद्यापीठं म्हणतात. त्यांचं वैशिष्ट्य असं की शिकवणं, संशोधन करणं आणि ते शेतकऱ्यापर्यंत नेणं ही तिन्ही कामं एकाच छपराखाली. आपल्याकडे तोवर ही कामं तीन ठिकाणी विभागलेली होती. कॉलेज शिकवायचं, प्रयोगक्षेत्रं संशोधन करायची, आणि शेतकऱ्याकडे जायचं ते खात्यानं.

या धर्तीवरचं भारतातलं पहिलं कृषी विद्यापीठ १९६० साली पंतनगरला सुरू झालं. मग १९६४ ते ६६ दरम्यानच्या कोठारी आयोगानं प्रत्येक राज्यात निदान एक तरी कृषी विद्यापीठ हवं असं सांगितलं. या आयोगाचे सचिव जे. पी. नाईक, म्हणजे गारगोटीच्या मौनी विद्यापीठात ग्रामीण शिक्षणाचे प्रयोग केलेले आपले माणूस. अमेरिकेची विद्यापीठं वेगवेगळ्या राज्यांना साहाय्य करत होती. महाराष्ट्राच्या वाट्याला पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठ आलं.

महाराष्ट्रात तेव्हा वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते. विद्यापीठाचा कायदा १९६७ सालचा. पण विद्यापीठ बसवायचं कुठे, यावरून रण पेटलं. विदर्भाला ते अकोल्याला हवं होतं. १९६७ मध्ये त्यासाठी मोठं आंदोलन झालं, गोळीबार झाला, तरुणांचे जीव गेले. शेतीच्या शिक्षणासाठी लोक रस्त्यावर येऊन प्राण देतात, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. पण त्या वेळी लोकांना पक्कं ठाऊक होतं की विद्यापीठ म्हणजे इमारत नसते; आपल्या मातीवर संशोधन होणार की नाही आणि आपल्या पोरांना दार उघडणार की नाही, हे त्यावर ठरतं.

२९ मार्च १९६८ रोजी महाराष्ट्र कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याचं मुख्य ठिकाण राहुरी ठरलं. पाठोपाठ १९६९ मध्ये अकोल्याला विदर्भासाठी, आणि १९७२ मध्ये परभणी आणि दापोली इथे मराठवाडा आणि कोकणासाठी स्वतंत्र विद्यापीठं झाली. राहुरीकडे पश्चिम महाराष्ट्र आणि खानदेश राहिला, आणि पुढे विद्यापीठाला महात्मा फुले यांचं नाव मिळालं. पुण्याचं जुनं शेतकी महाविद्यालय, धुळ्याचं, कोल्हापूरचं, अशी महाविद्यालयं या छत्राखाली आली. राहुरीत पदव्युत्तर शिक्षणाची सोय झाली आणि कृषी अभियांत्रिकीचं महाविद्यालय उभं राहिलं. त्याला याच जिल्ह्यातल्या अण्णासाहेब शिंदे यांचं नाव आहे. हरितक्रांतीच्या काळात ते केंद्रात शेतीचे राज्यमंत्री होते.

राहुरीची जागा नकाशावर बघा. नगर-मनमाड रस्ता, दौंड-मनमाड लोहमार्ग. उत्तरेला भंडारदऱ्याच्या पाण्यावरचा प्रवरेचा ऊसपट्टा, सहकारी कारखानदारीची सुरुवात झालेलं लोणी. पश्चिमेला मुळा धरण. आणि दक्षिणेला, पूर्वेला नगर, पारनेर, पाथर्डीचा अवर्षणाचा मुलूख. एका तासाच्या अंतरात पाटाचं पाणी आणि टँकरचं पाणी दोन्ही दिसतं. महाराष्ट्राच्या शेतीचे दोन्ही चेहरे जिथून दिसतात, अशा सीमेवर हे विद्यापीठ बसलं आहे.

पण ही जागा मोकळी नव्हती. विद्यापीठाला प्रक्षेत्रासाठी हजारो एकर जमीन लागली आणि ती आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांकडून संपादित झाली. बदल्यात मोबदला मिळाला, नोकरीची आशा मिळाली. ती आशा पूर्ण व्हावी म्हणून या प्रकल्पग्रस्तांच्या वारसांची आंदोलनं दशकानुदशकं चालू राहिली. अमेरिकेतल्या ज्या नमुन्यावर हे सगळं बेतलं, तिथेही विद्यापीठांना दिलेली पुष्कळ जमीन मूळ रहिवासी जमातींकडून घेतलेली होती, यावर आता तिकडचेच अभ्यासक लिहितात. शेतकऱ्याच्या भल्यासाठी शेतकऱ्याचीच जमीन जाते तेव्हा हिशोब कुणी चुकता करायचा? जोतीराव असते तर त्यांनी हा प्रश्न पहिला विचारला असता, असं आम्हाला वाटतं.

आता पहिल्या परीक्षेचा निकाल पाहू. औताची परीक्षा, म्हणजे शेतातलं काम. इथे विद्यापीठाचं पारडं जड आहे आणि ते मोकळेपणानं सांगितलं पाहिजे. नीरेकाठच्या पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ पासूनचं; ते विद्यापीठाकडे आलं. कोइमतूरला जन्मलेला को ८६०३२ हा ऊस तिथे आपल्या मातीत पारखला गेला आणि महाराष्ट्रभर पसरला. फुले २६५ हा वाणही पाडेगावचाच. डाळिंबाचा भगवा, हरभऱ्याचे विजय आणि दिग्विजय ही नावं शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात आहेत. होल्स्टीन, जर्सी आणि गीर या तीन रक्तांतून तयार केलेली फुले त्रिवेणी गाय इथलीच.

रब्बी ज्वारीचं उदाहरण तर मुद्दाम घेण्यासारखं आहे. हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, भारी जमिनीला फुले वसुधा. एकाच पिकाचे वाण जमिनीच्या खोलीप्रमाणे वेगळे. माळरानावर खांडभर जमीन असणाऱ्या माणसाचाही यात विचार आहे. ज्ञान शेतापर्यंत जाणं म्हणतात ते हे.

आणि विद्यार्थी? पदवीच्या शेवटच्या वर्षी त्यांना गावात जावं लागतं. ग्रामीण कृषी कार्यानुभव असं त्याचं नाव. गावात त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणतात. ते बीजप्रक्रिया करून दाखवतात, माती परीक्षणासाठी नमुना कसा घ्यायचा ते सांगतात, गावाचा नकाशा रांगोळीनं काढतात. काही ठिकाणी हे मनापासून होतं, काही ठिकाणी फोटोपुरतं. पण कल्पना मुळात जोतीरावांच्या नमुना-शेताच्या जवळची आहे. शिवाय पदवीच्या खाली कृषी तंत्र विद्यालयांची पदविका आहे, दहावीनंतर करता येते. तिला प्रतिष्ठा कमी, पण गावात राहून शेती किंवा दुकान करू पाहणाऱ्या मुलाला तीच जास्त कामाची. कीटकनाशकं विकायच्या परवान्यालाही आता शेतीचं किंवा त्या जातीचं शास्त्रशिक्षण लागतं. आणि खरं सांगायचं तर कीड पडल्यावर शेतकरी पहिल्यांदा विचारतो तो कृषी सेवा केंद्राच्या दुकानदारालाच. तो शिकलेला आणि प्रामाणिक असणं ही लहान गोष्ट नव्हे.

मग दुसरी परीक्षा इतकी पुढे का गेली? त्यासाठी पुन्हा बांधाकडे यावं लागतं. कृषिगणनेप्रमाणे १९७०-७१ मध्ये महाराष्ट्रात सरासरी धारणा ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर झाली. म्हणजे साडेदहा एकरांचे सव्वातीन एकर. पिंपळे सौदागरला जे व्हायला सुमारे दीडशे वर्षं लागली, त्याच्या जवळपास राज्यभर पंचेचाळीस वर्षांत घडलं. आणि ही पंचेचाळीस वर्षं म्हणजे जवळजवळ या विद्यापीठाचंच आयुष्य. एकीकडे एकरी उत्पन्न वाढवण्याचं संशोधन चाललं होतं, दुसरीकडे एकर कमी होत होते. सव्वातीन एकरांच्या कोरडवाहू घरातला मुलगा चार वर्षं शिकून अधिकारी व्हायचं ठरवतो, तेव्हा तो शेतीशी बेइमानी करत नसतो. तो घराचं गणित सोडवत असतो. आणि ज्या कचेरीत शेतकऱ्याच्या घरातलं कुणी नव्हतं, तिथे तो बसतो, म्हणजे जोतीरावांची दुसरी मागणीही पुरी करतो.

म्हणून "शेतीचं शिकून शेती का करत नाहीत" हा प्रश्न आम्हाला अर्धा वाटतो. पुरा प्रश्न असा आहे : राहुरीतून गेलेला अधिकारी खुर्चीत बसल्यावर शेतकऱ्याचा राहतो का? पीकविम्याचा पंचनामा करताना, शेततळ्याची मंजुरी देताना, फेरफाराची नोंद घेताना त्याच्या हातून शेतकऱ्याला न्याय मिळतो का? जोतीरावांनी सहावी पास होण्याबरोबर चांगल्या आचरणाची अट घातली होती. आपण परीक्षा फार कठीण केली आणि आचरणाची अट मात्र विसरलो.

दुसरी गोष्ट, या परीक्षेला जागा मोजक्या असतात. एक निवडला जातो तेव्हा अनेक जण मागे राहतात. त्यांची चार-पाच वर्षं वसतिगृहात, अभ्यासिकेत, मित्राच्या खोलीत जातात. बियाणं उद्योग, प्रक्रिया, रोपवाटिका, दूध, शेतकरी उत्पादक कंपन्या या वाटा आहेत, पण त्या दाखवणारं शिक्षण देण्यासाठी शिक्षक लागतात, आणि राज्यातल्या कृषी विद्यापीठांत प्राध्यापकांच्या, शास्त्रज्ञांच्या पुष्कळ जागा रिकाम्या आहेत. एक पैदासकार निवृत्त होतो आणि त्याची जागा भरली जात नाही, तेव्हा एका वाणाचं पंधरा वर्षांचं काम अर्धवट राहतं. मुलांनी खुर्चीचा रस्ता धरला म्हणून रागवायचं आणि प्रयोगशाळेतली खुर्ची मात्र मोकळी ठेवायची, हे न्यायाचं नाही.

आणि तिसरी गोष्ट सातबाऱ्याची. कृषी अभ्यासक्रमाच्या प्रवेशात सातबारा असलेल्या घरातल्या मुलाला जास्तीचे गुण मिळण्याची सोय अनेक वर्षं राहिली आहे. हेतू चांगला, शेतकऱ्याची मुलं पुढे यावीत. पण ज्यांच्या नावावर गुंठाही नाही आणि ज्यांच्या हातांवर ऊस, कांदा, डाळिंब उभं राहतं, त्या शेतमजुराच्या मुलीचं काय? खुरपण तिला येतं, सातबारा तिच्याकडे नसतो. ज्यांची जमीन विद्यापीठाच्या नावावर चढली, त्यांच्या नातवंडांनाही या कागदाची किंमत ठाऊक आहे. औताची परीक्षा खऱ्या अर्थानं घेतली, तर या मुली पहिल्या येतील. त्यांना मोजणारी परीक्षा अजून आपण तयार केलेली नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात यंदा बारावीचं मूल असेल आणि राहुरीचा विचार चालला असेल, तर आमचं एवढंच सांगणं आहे. साहेब व्हायला जायचं असेल तर खुशाल पाठवा, त्यात कमीपणा नाही. पण चार वर्षांत एक हंगाम तरी त्यानं किंवा तिनं आपल्या किंवा दुसऱ्याच्या रानात पेरणीपासून पट्टीपर्यंत पुरा बघावा. खर्च लिहावा, बाजारात काय भाव आला तेही लिहावं. पुढे ज्या खुर्चीत बसायचं, तिथे समोर येणारा माणूस त्याच पट्टीचा हिशोब हातात घेऊन उभा असणार आहे.